मागून बसलेली गाडी: नव्या स्प्रिंगा आणि शॉकअप, दिवाळी ते गणपती

गाडी मागून बसली की गॅरेजमध्ये ठरलेलं उत्तर मिळतं, "शॉकअप गेले." मलाही तेच मिळालं होतं. पण गाडीचं वजन पेलते ती स्प्रिंग. दबलेली स्प्रिंग नाचत राहू नये म्हणून तिला आवरायचं, एवढंच शॉकअपचं काम. शॉकअप गेला तर गाडी डोलते, उड्या मारते. बसली असेल तर आधी स्प्रिंग बघा.

आमची हॅचबॅक दहा वर्षांची, सीएनजी मागाहून बसवलेला. साठ लिटरची लोखंडी टाकी गॅससकट सत्तर किलोच्या घरात जाते, म्हणजे एक धडधाकट माणूस रात्रंदिवस डिक्कीत बसलेला. त्यात चिपळूणहून कुंभार्ली घाटाने कराडला येणं-जाणं, जाताना आंब्याच्या पेट्या, येताना गुळाच्या ढेपी. मागे तिघं बसले की गतिरोधकाला पोट घासायचं. रात्री लो बीमवर असूनही समोरचे डिपर मारायचे. मागचा भाग खाली गेला की हेडलाइट वर बघायला लागतात, आणि लोक बल्ब बदलत बसतात.

सामान घेण्याआधी टेप लावा. सपाट फरशी, चारही टायरमध्ये बरोबर हवा, गाडी रिकामी, आणि चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत माप. जमिनीपासून घेतलं तर टायरची झीज आणि हवा त्यात मिसळते. आमच्या गाडीचं माप डावीकडे ३३.५ सेंटिमीटर, उजवीकडे ३२ आलं. शेजाऱ्यांच्या त्याच मॉडेलच्या पेट्रोल गाडीचं दोन्हीकडे ३६. टाकीमुळे थोडा फरक पडणारच, पण एकाच गाडीच्या दोन बाजूंत दीड सेंटिमीटर? टॉर्च घेऊन खाली वाकलो तर उजव्या स्प्रिंगचा तळाचा अर्धा वेढा तुटून बशीतच, म्हणजे स्प्रिंग टेकते त्या वाटीतच, पडलेला. चिखल तिथे साचून राहतो, रंग सुटतो आणि गंज आतपर्यंत खातो. तुकडा बशीत अडकून राहिल्यामुळे चालवताना काही कळत नाही.

शॉकअपसाठी कोपरा दाबून सोडायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. गाडी दोन-तीनदा झुलली तर शॉकअप गेलाच. पण झुलली नाही म्हणून तो चांगला, असं नाही. अर्धवट गेलेला शॉकअप या परीक्षेत सहज पास होतो. टायरवरून हात फिरवा, उंचसखल लागलं तर शॉकअपवर संशय घ्या. शॉकअपच्या अंगावर तेलकट धूळ चालते, तेलाचा ओघळ चालत नाही. आमच्या डाव्याला ओघळ होता, म्हणून जोडी बदलली. स्प्रिंग आणि शॉकअप दोन्ही जोडीनेच बदलायचे.

"वेढ्यांमध्ये रबरी बफर टाका, गाडी उचलते" हा सल्लाही आला. मी नाही म्हटलं. बसलेली स्प्रिंग तशीच राहते, बफरने वेढे अडतात आणि उरलेल्यांवर ताण वाढतो. तुटक्या स्प्रिंगमध्ये तर तो विचारही नको.

याच मॉडेलच्या कंपनी फिटेड सीएनजी गाडीच्या स्प्रिंगा मिळाल्या, त्या जरा ताठ असतात. सोबत गॅसचे, म्हणजे आत दाबाखाली गॅस भरलेले शॉकअप (सीएनजीशी त्याचा संबंध नाही). गॅसच्या शॉकअपने बसलेली गाडी उचलली जाते असं दुकानात सांगतात, त्यावर जाऊ नका. मजुरीसकट सहा हजारांच्या थोडं वर गेलं. आमच्या गाडीला मागे स्प्रिंग आणि शॉकअप वेगळे, त्यामुळे काम सोपं. पुढे स्ट्रटवर, म्हणजे शॉकअपच्याच दांड्याभोवती, स्प्रिंग दाबून बसवलेली असते, तिथे स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरायचं अवजार) नसलेल्याला हातही लावू देऊ नका. आणि एक आग्रह धराच: शॉकअपच्या बुशचे (टोकाच्या रबरी जोडाचे) बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. जॅकवर लटकत्या गाडीत आवळले की रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

बसवल्यावर माप दोन्हीकडे ३६.५ आलं. पहिल्या काही आठवड्यांत स्प्रिंगा थोड्या बसल्या, तेव्हापासून पावसाळा सरत आला तरी ३६ वर टिकून आहे. मागे तिघं आणि डिक्की भरलेली असतानाही गतिरोधक सुटतो. घाटाच्या वळणावर मागचा भाग उशिरा झुकायचा, ते थांबलं. हेडलाइटचा अँगल मात्र पुन्हा लावून घ्यावा लागला.

सगळंच गोड नाही. एकटा असलो की मागचा भाग कडक लागतो, मुंबई-गोवा हायवेच्या काँक्रीटचे सांधे मोजता येतात. उंचसखल झिजलेल्या टायरची घरघर नव्या शॉकअपने गेली नाही, ती टायरबरोबरच जाईल. भर पावसात डाव्या शॉकअपचं धुळीचं कव्हर सरकून किरकिर सुरू झाली होती, मेकॅनिकने ते जागेवर बसवून दिलं.

आता टाकीची तीन वर्षांची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी, आली आहे. टाकी उतरलेली असेल तेव्हा पुन्हा टेप लावणार आहे, म्हणजे नुसत्या टाकीच्या वजनाने गाडी किती बसते तेही कळेल. ते माप इथेच खाली लिहीन.