‘गेट’ शिकवायचं कसं: एका ‘बान’वर, की अर्थागणिक?

कंबोडियात इंग्रजी शिकवायला निघाला असाल, तर ‘गेट’ हे क्रियापद पहिल्याच आठवड्यात आडवं येईल. ते शिकवायच्या वाटा दोन, आणि निवड आधीच करून ठेवलेली बरी.

पहिली वाट सोपी. ‘गेट’ म्हणजे ख्मेरमधलं, म्हणजे कंबोडियाच्या भाषेतलं ‘बान’, मिळणे, एवढं सांगून पुढे जायचं. मोह होतो, कारण जुळतंही फार सुरेख. ‘बान’ क्रियापदाच्या आधी आलं की काम करायला मिळालं, घडलं. ‘ख्ञोम बान तउ’ म्हणजे मी गेलो, मला जायला मिळालं. इंग्रजीतही ‘आय गॉट टू गो’. तिन्ही भाषांत ‘मिळणे’ एकाच कामाला लागलेलं पाहून मला अजूनही आनंद होतो.

पण तेच ‘बान’ मागे न्या: ‘ख्ञोम तउ बान’. आता अर्थ झाला, मी जाऊ शकतो. हे काम ‘गेट’ करत नाही. बाजारात ‘बान’ म्हणजे नुसतं ‘चालेल’, तेही ‘गेट’ला जमत नाही. त्यात ख्मेर क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही. म्हणून ‘मी गेलो’साठी एखाद्याने ‘आय गेट गो’ लिहिलं, तर त्याच्या हिशेबाने ते बरोबरच असतं. चूक समीकरणाची आहे, त्याची नाही.

दुसऱ्या वाटेत अर्थागणिक वेगळा ख्मेर शब्द द्यायचा. पत्र मिळालं तर ‘तोतुओल’, बाजारातून विकत आणलं तर ‘तिन्य’, बसमध्ये चढणं ‘लाउंग’, उतरणं ‘चोह’, समजलं तर ‘योल’. वेळ लागतो, पण खरा फायदा ‘गेट अँग्री’पाशी दिसतो. ख्मेरमध्ये विशेषणं क्रियापदासारखीच चालतात. ‘खंग’ या एकाच शब्दात रागावणं आलं, वेगळं ‘होणे’ लागत नाही. आपणही रागावतो, दमतो, भिजतो, एकाच शब्दात. तेव्हा इथे ‘गेट’चा प्रतिशब्द शोधू नका. इंग्रजीत राग, दमणं, भिजणं या शब्दांआधी ‘गेट’ जोडावं लागतं, एवढंच सांगा.

शाळेतल्या मुलांसाठी मी निःशंकपणे दुसरीच वाट घेईन. सिएम रीप या पर्यटकांच्या शहरातल्या हॉटेलात काम करणाऱ्यांना वेळ थोडा असतो. त्यांनाही दुसरीच, पण पाचच वाक्यं: सामान घेणं, टुकटुकमध्ये चढणं, उतरणं, पोहोचणं, आजारी पडणं. ‘बान’ची जोडी पहिल्या दिवशी ‘मिळणे’ या एका अर्थापुरती वापरा, आणि फळ्यावर ‘गेट’पुढे नाम लिहिल्याशिवाय ती दाखवू नका.

ख्मेर येत नसेल तर दुसरी वाट अवघड वाटेल. वर्गातल्या ख्मेर सहशिक्षकाला शेजारी घ्या, आणि चढणं-उतरणं बाकावर चढून-उतरून दाखवा.