वांग्याची झळाळी आणि तळहाताएवढा दिवा : अपुचर एमसी

घरच्या टेबलावर भाज्यांची स्थिरचित्रे टिपणाऱ्या हौशी छायाचित्रकाराने कॅमेऱ्यावर आणखी पैसे घालण्याआधी एक चांगला दिवा घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि त्या कामासाठी अपुचर कंपनीचा ‘एमसी’ हा तळहातावर मावणारा एलईडी दिवा मला मनापासून आवडला आहे.

त्याचे खरे मोल रंगांत आहे. साध्या एलईडी बल्बखाली लाल रंग बहुधा मार खातो आणि टोमॅटो विटकरी दिसू लागतो. खोक्यावर छापलेला सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात हे शंभरपैकी सांगणारा आकडा, आठ फिक्या रंगनमुन्यांच्या सरासरीवरून काढतात, गडद लालाचा ‘आर९’ हा नमुना त्यात धरलेलाच नसतो; म्हणून ८० सीआरआयचा बल्ब खोलीला पुरला, तरी टोमॅटोला पुरत नाही. एमसीचा सीआरआय ९६च्या वर असून रंगतापमान, म्हणजे प्रकाशाची पिवळसर ते निळसर छटा, ३२०० ते ६५०० केल्विनपर्यंत बदलता येते. ते ५६००वर ठेवून कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्सही (पांढरा रंग पांढराच दिसावा म्हणून असलेली जुळणी) तिथेच बांधला, की लाल माठाच्या देठांचा गुलाबी रंग मंडईत दिसतो तसाच उतरतो.

दिवा लहान असल्यामुळे सावल्या मात्र कडक पडतात. कारल्याला हे मानवते, कारण टेबलालगत बाजूने प्रकाश सोडला की त्याचा एकेक कंगोरा उठून दिसतो. भरताच्या वांग्यावर तोच प्रकाश थेट पडला, तर सालीवर छोटा पांढरा चौकोन उमटतो आणि नजर तिथेच अडकते. मध्ये बटर पेपर ताणून धरला, की तो कागदच मोठा दिवा होतो आणि चौकोनाच्या जागी वांग्याच्या अंगभर एक लांब, मऊ झळाळी येते.

काळ्या पार्श्वभूमीसाठी पडदाही लागत नाही. अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाईवर येतो; त्यामुळे भाजी दिव्यापासून पाऊण फुटावर आणि भिंत साडेचार फुटांवर असेल, तर भिंतीवर ढोबळमानाने छत्तिसावा भागच पोहोचतो. भाजीची सावलीची बाजू फार काळी पडू नये, म्हणून तिथे प्रकाश परतवायला थर्माकोलचा तुकडा उभा करावा. अमेरिकी छायाचित्रकार एडवर्ड वेस्टन यांनी १९३० साली आपली प्रसिद्ध ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून टिपली होती. नरसाळ्याच्या वळणदार भिंतींनी प्रकाश चहूबाजूंनी तिच्याकडे परतवला. आपल्याकडचे आडवे ठेवलेले स्टीलचे पातेले यासाठी जरूर वापरून पाहावे.

पाठीमागच्या चुंबकांमुळे हा दिवा फ्रिजला किंवा स्वयंपाकघरातल्या लोखंडी कपाटाला सहज चिकटतो, ही सोय फार कामाची आहे. उजेड बेताचाच आहे, पण भाजी हलत नसल्याने कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून शटर एक-दोन सेकंद उघडे ठेवता येते. अख्खा भोपळा आणि जुड्यांची मोठी मांडणी करायची असेल, तर मोठे पॅनेलच घ्यावे. रंगीत दिव्यांच्या करामतींचा भाज्यांना काही उपयोग नाही. तेवढ्यासाठी जास्तीची किंमत मोजू नये.