‘एकाच पिशवीतली बारा’: टॅरंट्युला कोळ्यांची वसाहत विकत घेताना कुठे गंडवलं जातं

सौदा ठरला तो निओहोलोथेले इन्सीच्या बारा पिल्लांचा. त्रिनिदाद आणि व्हेनेझुएलात आढळणारी ही टॅरंट्युलाची, म्हणजे मोठ्या केसाळ कोळ्यांतली, छोटी जात. पूर्ण वाढलेली मादी पाय पसरूनही जेमतेम सहा-सात सेंटिमीटर. भावंडं एका डब्यात जाळ्याचे बोगदे विणून नांदतात, म्हणून मागणी. विक्रेत्याचा शब्द असा: बाराही एकाच अंड्यांच्या पिशवीतली, एकाच मापाची, फळमाश्या खायला लागलेली. सहा आठवड्यांत डब्यात चार उरली, आणि त्यातली दोन भलत्याच जातीची निघाली.

तक्रारीवर उत्तर तयारच होतं: “एकत्र ठेवल्यावर थोडी खातातच. तुम्ही उपाशी ठेवली असणार.” गोम इथेच आहे. या व्यवहारात पुरावाच पुराव्याला खाऊन टाकतो. दहा दिवसांनी डबा उघडला तर कुणी कुणाला खाल्लं, किती आली होती, कोणत्या मापाची होती, काहीच सांगता येत नाही. त्यात भर म्हणजे भावंडं फार काळ वेगळी ठेवून मग एकत्र सोडणं धोक्याचं, त्यामुळे घेणारा घाईत असतो आणि विक्रेत्याला ते पक्कं ठाऊक असतं. तपासणी करायची ती पहिल्या एक-दोन दिवसांत, पिल्लं आपापल्या डबीत असतानाच.

पार्सल उघडायचं ते उंच कडांच्या टबात, खाली पांढरा कागद अंथरून, मोबाइलवर चित्रण चालू ठेवून. टब नसला की “उघडताना पळालं असेल” हे वाक्य ऐकावं लागतं. या पार्सलमधल्या एका डबीत ओल्या टिश्यूवर पिल्लू निपचित दिसत होतं. प्रत्यक्षात ती नुसती कात होती. भिंगाखाली फरक लगेच कळतो. कातीत पाठीवरचं कवच झाकणासारखं उघडलेलं असतं आणि पोटाच्या जागी चुरगळलेला पापुद्रा असतो. मेलेल्या पिल्लाचं कवच शाबूत असतं आणि पाय शरीराखाली मुडपलेले असतात. कात आहे आणि पिल्लू नाही, तर ती डबी रिकामी पाठवली असं समजावं. मोजणीत ती धरू नये.

मग माप. डब्या मिलिमीटरच्या कागदावर ओळीने ठेवून वरून फोटो घ्यावा. इथे काहींचं शरीर तीन मिलिमीटर, काहींचं पाच आणि दोघांचं जवळजवळ सात होतं. एका पिशवीतली पिल्लंही पुढे मागेपुढे वाढतात, ते खरं. पण नुकती खायला लागलेली भावंडं साधारण एकसारखीच असतात. इतकी तफावत म्हणजे दोन-तीन पिशव्यांतला उरलासुरला माल गोळा केलेला. सात मिलिमीटरच्या पिल्लाच्या लेखी तीन मिलिमीटरचं पिल्लू भावंड नसतं, घास असतो.

जात ओळखायला दहापट भिंग पुरतं. इन्सीच्या अंगावर खाज आणणारे, झटकून उडवायचे केस मुळीच नसतात. पोटाच्या मागच्या भागावर, गुलाबी-तपकिरी रंगात उठून दिसणारा गडद गोल डाग असेल, तर ते पिल्लू केस उडवणाऱ्या गटातलं. हमखास भरतीला टाकतात ती ट्लिल्टोकॅटल अल्बोपिलोसस, म्हणजे ‘कर्ली हेअर’. तिच्या एका पिशवीतून शेकड्यांनी पिल्लं निघतात, त्यामुळे स्वस्त. ती एकेकटीच पाळायची जात. वसाहतीत तिचं काही काम नाही. इथे उरलेल्या चारातली दोन तीच होती.

उपासमारीचं बोट आपल्याकडे वळणार हे धरूनच चालावं. बारा पिल्लांना पंधरा सेंटिमीटर चौरस डबा, सात-आठ सेंटिमीटर किंचित ओलसर कोकोपीट, जाळं बांधायला उभे सालीचे तुकडे आणि सुकी पानं. हवेची छिद्रं एक मिलिमीटरपेक्षा लहान. आठवड्यातून दोन-तीनदा, डोक्यांच्या दुप्पट शिकार, म्हणजे पंचवीसेक मेलॅनोगास्टर जातीच्या बारीक फळमाश्या. आणि त्या एका कोपऱ्यात न ओतता तीन-चार ठिकाणी. नवख्यांची चूक होते ती इथे: माश्या वर चढून झाकणाला चिकटतात, पिल्लं खाली बोगद्यात, आणि बाहेरून वाटतं की डब्यात भरपूर खाणं आहे. माश्यांची बाटली काही मिनिटं फ्रीजमध्ये ठेवली की त्या सुस्तावतात. मग ब्रशने बोगद्यांच्या तोंडाशी टाकता येतात. सगळ्यात लहानांना मारलेल्या रातकिड्याची मांडी चालते. जिवंत रातकिडा मात्र रात्रभर आत ठेवू नये, कात टाकणाऱ्या पिल्लाला तोच कुरतडतो. उरलेलं चोवीस तासांत चिमट्याने काढावं, नाहीतर बुरशी आणि मागोमाग माइट्स, म्हणजे अगदी बारीक किडे. प्रत्येक खाण्याचा तारखेसह एक फोटो ठेवला की “उपाशी ठेवली” हा आरोप टिकत नाही.

याच विक्रेत्याच्या यादीत आणखी दोन गमती होत्या. एक, ‘होलोथेले इन्सी’ आणि ‘निओहोलोथेले इन्सी’ हे दोन वेगळे प्रकार म्हणून, वेगळ्या दराने. निओहोलोथेले ही प्रजाती 2015 मध्ये वेगळी काढली, त्याआधी हाच कोळी होलोथेलेत होता. जुनं नाव लिहिणं गुन्हा नाही; एकच कोळी दोनदा विकणं आहे. दुसरी, पाच मिलिमीटरच्या पिल्लांत ‘खात्रीच्या माद्या’. या मापात लिंग सांगता येत नाही. पुढे कात पुरेशी मोठी झाली की तिच्या आतल्या बाजूला शुक्रपेशी साठवायची पिशवी सूक्ष्मदर्शकाखाली दिसते, तेव्हाच बोलावं.

पैसे देण्याआधी मागायच्या गोष्टी थोड्याच: आईचा आणि उघडलेल्या पिशवीचा फोटो, शेजारी हाताने तारीख लिहिलेली चिठ्ठी, आणि नेमक्या याच पिल्लांचा खातानाचा व्हिडिओ. जिवंत पोचण्याच्या हमीची मुदत तासांत किती, आणि त्यात जात चुकीची निघणं धरलं आहे का, हे लेखी घ्यावं. या व्यवहारात हमी फक्त मेलेल्या पिल्लांपुरती होती. कर्ली हेअर धडधाकट पोचली होती, त्यामुळे विक्रेत्याच्या हिशेबी तक्रारीला जागाच नव्हती. आता ती दोन वेगवेगळ्या डब्यांत आहेत, आणि दोन्ही व्यवस्थित खातात.