प्रकाशाने चालणारे एमओएफ: अ‍ॅझोबेंझीन, स्पायरोपायरन की डायअरिलइथीन?

मेटल-ऑर्गॅनिक फ्रेमवर्क (एमओएफ) म्हणजे धातूच्या गाठी, त्यांना जोडणारे सेंद्रिय लिंकर आणि मधे पोकळ्याच पोकळ्या. २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल याच रचनांसाठी कितागावा, रॉबसन आणि याघी यांना मिळालं, त्यामुळे ओळखीत वेळ घालवत नाही. प्रकाश पडला की वागणूक बदलणारा एमओएफ प्रकल्पासाठी हवा असेल, तर त्यात कोणता रेणू घालायचा, एवढंच इथे पाहू.

बहुतेक जण अ‍ॅझोबेंझीनपासून सुरुवात करतात. त्याचा लांब, सरळ ट्रान्स रेणू साधारण ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात वाकून सिस होतो. दोन टोकांमधलं अंतर ९ वरून साडेपाच अँगस्ट्रॉमवर येतं. निळा प्रकाश किंवा उष्णता दिली की पुन्हा सरळ. पण खरी मेख हा रेणू कुठे बसवता यात आहे. २०१२ च्या पीसीएन-१२३ या एमओएफमध्ये तो लिंकरला शेपटासारखा लोंबतो, त्यामुळे वळायला मोकळीक मिळते आणि कार्बन डायऑक्साइड किती शोषला जाईल हे प्रकाशाने बदलता येतं. तोच रेणू सांगाड्याच्या कण्यात घातला तर दोन्ही टोकं बांधलेली, मग पूर्ण वळणार कसा? तो नुसता हिसके देतो. तरी २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी अशाच जस्ताच्या एमओएफमधून शोषलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी ६४ टक्क्यांपर्यंत वायू केवळ प्रकाशाने बाहेर काढून दाखवला.

अडचण दुसरीकडेच येते. अ‍ॅझोबेंझीन अतिनील प्रकाश इतका शोषतो की पावडरीच्या ढिगात वरच्या थरापलीकडे उजेड पोचतच नाही. म्हणून वायू वेगळे करायचे असतील तर माझं मत स्पष्ट आहे: पावडर सोडा, पातळ फिल्म करा. जर्मनीत कार्ल्सरूहच्या गटाने २०१६ मध्ये तेच केलं. त्यांच्या मेम्ब्रेनमधून (वायू गाळणाऱ्या पातळ पडद्यातून) हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड वेगळे होण्याचं गुणोत्तर नुसत्या प्रकाशाने ३ ते ८ च्या दरम्यान हवं तिथे ठेवता आलं. मेम्ब्रेन न काढता, न बदलता. मात्र जस्त-कार्बोक्झिलेटचे बरेच एमओएफ दमट हवेत टिकत नाहीत. पावसाळ्यात मुंबईत काम करणाऱ्यांनी हे आधीच हिशेबात धरावं.

काम पाण्याचं असेल तर मी स्पायरोपायरनच घेईन. याच्यात आकारापेक्षा विद्युतभाराचा खेळ मोठा. एक रूप उदासीन, दुसरं (मेरोसायनिन) धन आणि ऋण असे दोन्ही भार एकाच रेणूवर बाळगणारं. मोनॅश विद्यापीठातल्या गटाने २०२० मध्ये एमआयएल-५३ या अ‍ॅल्युमिनियमच्या एमओएफच्या पोकळ्यांत स्पायरोपायरनचा पॉलिमर भरला. अंधारात तो मेरोसायनिन रूपात मीठ धरतो, उन्हात ठेवला की चार मिनिटांत सोडून पुन्हा तयार. २,२३३ पीपीएमचं (दहा लाख भागांत इतके भाग क्षार) खारं पाणी अर्ध्या तासात ५०० च्या खाली आलं. ५०० हीच भारतीय पेयजल मानकातली स्वीकारार्ह मर्यादा, त्यामुळे हा आकडा वाचताना विदर्भातला खारपाणपट्टा डोळ्यांसमोर येतोच. दर किलो एमओएफमागे दिवसाला १३९.५ लिटर गोडं पाणी, आणि लिटरमागे ०.११ वॅट-तास ऊर्जा, असा त्यांचा हिशेब आहे. पण तो प्रयोगशाळेतला. मॅग्नेशियम-कॅल्शियमने जड झालेल्या विहिरीच्या पाण्यात, शेकडो फेऱ्यांनंतर काय होतं, हे आपल्याकडच्या एखाद्या विद्यार्थ्याने तपासावं.

डायअरिलइथीनची गोष्ट थोडक्यात. अतिनील प्रकाशात त्याचं कडं बंद होतं, दृश्य प्रकाशात उघडतं. अंधारात मात्र आहे तसंच राहतं. अ‍ॅझोबेंझीनसारखं आपोआप परतत नाही. काही प्रकार दहा हजारांवर फेऱ्या सहन करतात. आकार फार बदलत नसल्याने सांगाड्यावर ताण कमी, पण पोकळीतला फरकही कमीच. दिलेली अवस्था टिकवून धरायची असेल तरच याच्या वाटेला जा, कारण लिंकर बनवण्यातच महिने जातात.

आणि सेंद्रिय संश्लेषणाची सोयच नसेल तर? मग खटक्याचा, म्हणजे प्रकाशाने रूप बदलणाऱ्या रेणूचा, नाद सोडून एनएच२-एमआयएल-१२५ हा टायटॅनियमचा एमओएफ करा. टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साइड आणि २-अमिनोटेरेफ्थॅलिक आम्ल, दोन्ही विकत मिळतात. ऑटोक्लेव्हमधून (दाबाखाली तापवायच्या बंद भांड्यातून) पिवळी पावडर निघते. तो पिवळेपणा अमिनो गटामुळे येतो आणि त्यामुळेच ती दृश्य प्रकाशात काम करते. इथे रेणू वळत नाही, इलेक्ट्रॉन हलतो; म्हणजे हा फोटोकॅटॅलिस्ट (प्रकाशाने चालणारा उत्प्रेरक) झाला, खटका नव्हे. प्रबंधाच्या शीर्षकात तेवढी गल्लत करू नका.