४५ की ६० डिग्री? प्लॉटरला (स्टिकर कापायच्या मशीनला) ब्लेड कुठलं लावायचं
लालबागला गणपतीच्या सीझनमध्ये रात्ररात्र रेडियम (स्टिकरचं विनाइल) कापतो आम्ही, त्यामुळे हा प्रश्न रोजचाच. डिग्री म्हणजे पात्याच्या धारेचा उतार. साध्या विनाइलला ४५ डिग्रीच लावा, टोक दणकट असतं, लवकर तुटत नाही, नवीन पोराच्या हातात मशीन द्यायचं तरी टेन्शन नाही. ६० चं टोक निमुळतं नि नाजूक, पण जाड रिफ्लेक्टिव्ह (उजेडात चमकणारं), फ्लॉक (मखमली) असं काही आलं की तेच लागतं, आणि बारीक देवनागरीलाही. परवा मंडळाच्या बॅनरवरचा छोटा 'श्री' ४५ ने कापला तर वीडिंग करताना (नको असलेलं विनाइल सोलून काढताना) वेलांटीच उपटून आली, ६० लावलं आणि तोच 'श्री' अख्खा सुटला.

खरं सांगू, ब्लेड झिजून मरत नाही तेवढं चुकीच्या सेटिंगने मरतं. पातं विनाइलच्या जाडीपेक्षा किंचितच बाहेर ठेवा, आधी छोटा चौकोन कापून बघा, तो सुटला पाहिजे आणि बॅकिंग पेपरवर (मागच्या कागदावर) फक्त हलका ओरखडा दिसला पाहिजे. होल्डरमधला गोंद-कचरा काढत जा, नाहीतर पातं फिरत नाही, कोपरे बिघडतात आणि आपण उगाच प्रेशर वाढवत बसतो. ब्लेड बदलताना ऑफसेट (पात्याचं टोक त्याच्या मध्यापासून किती बाजूला आहे ते अंतर) तपासायचं मात्र विसरू नका.