ग्रामपंचायतीचं सेवा केंद्र: कंपनीकडे की गावातल्याच केंद्रचालकाकडे?

करवीर तालुक्यातल्या ज्या सदस्यांपुढे हा विषय मासिक सभेत येणार आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. "कंपनीला दिलं की डोक्याला ताप नाही" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आधी तेच तपासून बघू.

कंपनीचा मार्ग आपण अनुभवलाय. 2016 पासून ग्रामपंचायतींत दाखले देणारी आपले सरकार सेवा केंद्रं आली आणि एका केंद्रामागे महिन्याला 12,331 रुपये, म्हणजे वर्षाला 1,47,972 रुपये, वित्त आयोगाच्या निधीतून कंपनीला जात राहिले. संगणक, सॉफ्टवेअर, प्रशिक्षण सगळं एका दमात आलं, हे मान्य करायलाच हवं. एकट्या गावाला ते झेपलं नसतं. पण महिन्यात दाखले चार निघोत की चारशे, रक्कम तीच. केंद्रात संगणकावर बसणाऱ्या परिचालकाच्या हातात पडायचं त्यातलं थोडंच, आणि तेही रखडायचं. पोराचं मानधन थकलं की केंद्राला कुलूप, आणि सरपंचांना विचारलं तर उत्तर, "तो आमचा माणूस नाही."

दुसरा मार्ग जिल्हाधिकाऱ्यांच्या जिल्हा सेतू समितीमार्फत नेमल्या जाणाऱ्या केंद्रचालकाचा. त्याचं पोट कामावर चालतं, म्हणून जूनमध्ये दाखल्यांची गर्दी असली की रात्री नऊलाही शटर अर्धं वर असतं. मी एका केंद्रात बघितलंय, ऊसतोडीनं बोटांचे ठसे झिजलेल्या एका मावशींचा अंगठा सहा वेळा घेऊन लागला नाही. पोरानं फडकं ओलं करून बोट पुसलं, दुसरं बोट लावलं, आणि झालं. मावशींची वळख होती म्हणून त्या पोरानं धीर धरला. पण ज्यात पैसा कमी ते काम तो मागं टाकतो, हेही खरं. शिवाय दाखल्याचं शुल्क 2025 मध्ये 20 रुपयांचं 50 झालंय. दरफलक भिंतीवर नसेल तर त्याचे शंभर कधी होतात कळत नाही.

आता जे सभेत कुणी बोलत नाही ते. लोकसेवा हक्क कायदा 2015 नुसार दाखला मुदतीत दिला नाही, तर 500 ते 5,000 रुपये दंड पदनिर्देशित अधिकाऱ्याला होतो. म्हणजे ग्रामसेवक भाऊसाहेबांना, ठेकेदाराला नाही. तेव्हा करारात "सेवा बंद राहिल्यास त्या दिवसांचं देयक कापलं जाईल" ही ओळ नसेल, तर सगळी जोखीम आपली आणि पैसा त्यांचा. दाखल्यावर डिजिटल सही करायला संगणकाला लावतात तो डोंगलही भाऊसाहेबांच्याच खिशात राहिला पाहिजे. तो परिचालकाच्या टेबलावर पडलेला दिसतो, हे दोन्ही मार्गांत चालू आहे आणि ते धोक्याचं आहे.

वारणेचा अनुभव आपल्या घरचाच. 1998 मध्ये केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणेच्या सहकारी समूहानं मिळून सत्तरेक गावांत संगणक बसवले. लोकांनी ते मुख्यतः उसाचं वजन आणि बिल बघायला वापरले, कारण ती माहिती शेतकऱ्याला रोज लागायची. पुढे काही गावांत तेच काम मोबाईलच्या एसएमएसवर करून बघितलं, आणि जमलं. म्हणजे यंत्र मोठं की छोटं यापेक्षा ते गावाच्या रोजच्या गरजेला बसतं का, हे महत्त्वाचं.

म्हणून छोट्या गावानं केंद्रचालक निवडावा, खोली आणि वीज ग्रामपंचायतीनं द्यावी. मोठ्या गावात दाखल्यांचा लोंढा एका माणसाला झेपत नाही. तिथं कंपनी चालेल, पण पैसे निकाली निघालेल्या अर्जांवर. आणि गाव पंचगंगेच्या काठचं असेल, तर 2019 आणि 2021 चा पूर आठवून पर्यायी जागेचं नाव करारातच लिहून घ्या.