कुत्रा शेजाऱ्यांचा, चावा आपल्या पोराला: तक्रार की समजूत?

आधी नळ. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची. हळद, चुना, तिखट काही चोळायचं नाही. मग सरळ नाशिकच्या त्र्यंबक रोडचं सिव्हिल हॉस्पिटल गाठायचं. रक्त आलं असेल तर रेबीजच्या लसीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं. इथवर दोन्ही मार्ग एकच.

पुढे इंदिरानगरातल्या सोसायटीत "अहो वहिनी, आमचा टायगर कधीच चावत नाही हो," हे ऐकलं की पोलीस स्टेशनच आठवतं. कायदा आहेच. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१: पाळीव प्राण्याबाबत हयगय केली तर ६ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नोंद राहते, मालकही ताळ्यावर येतो.

पण खरी गरज असते कुत्रा १० दिवस डोळ्यांसमोर असण्याची. तो धडधाकट राहिला, तर पुढच्या डोसांचं काय हे डॉक्टर ठरवू शकतात. भांडण पेटलं, की टायगर रातोरात सिन्नरच्या मामांकडे! समजुतीत हा फायदा मोठा: कुत्रा इथेच बांधलेला राहतो, त्याचं लसीचं कार्डही बघायला मिळतं. (कार्ड आहे म्हणून पोराची लस आपल्या मनाने थांबवायची नाही.)

माझं मत समजुतीकडे, पण तोंडी नको. औषधाचा खर्च, जिन्यात साखळी, तोंडाला जाळी, सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घ्यायचं आणि केसपेपर जपायचा. मालक उलटलाच, तर तीच कागदं घेऊन पोलिसांत.